अकराव्या तासाचे मजूर

ठाण्यातील ख्रिस्ती श्रद्धेचा इतिहास सांगताना आपण बहुधा पोर्तुगीजांपासून आरंभ करतो. तलावपाळीनजीकचे संत योहान बाप्तिस्ता चर्च आपल्या डोळ्यांसमोर असते, म्हणून तसे होणे स्वाभाविकही आहे. परंतु पोर्तुगीज येण्याच्या दोन शतके आधी, इ. स. १३२१ मध्ये, चार फ्रान्सिस्कन संन्यासी या बंदरात उतरले होते. टोलेंटिनोचे थॉमस, पादुआचे जेम्स, सिएनाचे पीटर आणि तिफ्लिसचे डिमिट्रियस ही त्यांची नावे. ते निघाले होते चीनकडे. ठाण्याला येण्याचा त्यांचा बेत नव्हता आणि येथे त्यांच्या ओळखीचे कोणी नव्हते. अशा वेळी त्यांना आसरा दिला तो एका नेस्टोरियन ख्रिस्ती कुटुंबाने. थोड्याच काळाने येथे आलेला फ्रान्सिस्कन प्रवासी ओडोरिक आपल्या वृत्तांतात सांगतो की, या गावात नेस्टोरियनांची पंधरा घरे होती. आणि त्यांना पाखंडी म्हणायलाही तो कचरत नाही. पण ज्या उंबरठ्याला त्याने पाखंडी म्हटले, त्याच उंबरठ्याच्या आत त्याच्या धर्मबंधूंना भाकरी मिळाली होती.

पुढची कथा अनेकांना ठाऊक आहे. त्या घरात नवरा-बायकोचे भांडण झाले, नवऱ्याने हात उचलला, बायको काजीकडे दाद मागायला गेली, आणि साक्षीदार म्हणून तिने घरातल्या पाहुण्यांकडे बोट दाखवले. साक्षीचे निमित्त बाजूला पडून गोष्ट धर्मचर्चेवर गेली. ९ एप्रिल रोजी तिघांना आणि ११ एप्रिल रोजी पीटर यांना मरण आले. मधल्या काळात तेथील सत्ताधाऱ्याने त्यांना खाडीपलीकडे हलवले होते, आणि तेथे त्यांना निवारा दिला तो एका मूर्तिपूजकाच्या घराने, असे ओडोरिक लिहितो. त्यांचे देह डॉमिनिकन धर्मगुरू जॉर्डन यांनी सोपाऱ्याला नेऊन पुरले.

या हुतात्म्यांना आपण वंदन करतो. परंतु मला पुष्कळदा त्या दोन यजमानांची आठवण होते, ज्यांची नावे इतिहासाने ठेवली नाहीत. आपल्या भूमीवर लॅटिन परंपरेची ख्रिस्तसभा वेदीच्या आधी परक्याच्या ओसरीवर उतरली, ही गोष्ट आज ठाणे-कल्याण परिसरात राहणाऱ्या आपल्यासारख्यांनी विसरण्याजोगी नाही.

येथे एका सोप्या युक्तिवादापासून मात्र सावध राहिले पाहिजे. ‘येथे सगळेच बाहेरून आले आहेत, मग कोणी कोणाला परका म्हणावे?’ असे व्यासपीठावरून सांगितले जाते आणि टाळ्या मिळतात. हे विधान खरे नाही. खाडीकाठचा कोळी बाहेरून आला नाही. शेताच्या बांधावरचा आगरी, डोंगरातला वारली, कातकरी आणि ठाकूर बाहेरून आला नाही. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून पहिली गाडी ठाण्याला आली, वर्षभरात रूळ कल्याणला पोहोचले, आणि त्या रुळांवरून जग येथे आले. फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावणीत सुमारे लाखभर सिंधी निर्वासित येऊन राहिले आणि १९४९ साली उल्हासनगर जन्माला आले. नगर, संगमनेर, जालना येथून आपले मराठी कॅथलिक कारखान्यांच्या आशेने डोंबिवली-अंबरनाथकडे आले. ज्यांची जमीन या सगळ्यांच्या पायाखाली गेली त्यांना ‘आपण सारे प्रवासी’ असे ऐकवणे ही त्यांची दुसऱ्यांदा केलेली उपेक्षा होय. भूमिपुत्राचे दुःख खोटे नाही. प्रश्न आहे तो त्या दुःखाचे आपण काय करतो, हा.

आपल्याच समाजाच्या इतिहासात याचे एक बोलके उदाहरण आहे. ठाणे, साष्टी, वसई येथील मूळचे ख्रिस्ती स्वतःला ‘ईस्ट इंडियन’ म्हणू लागले ते १८८७ साली. त्या वर्षी राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाचा सुवर्णमहोत्सव होता आणि बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशनची स्थापना झाली. या नावाची गरज का पडली? कारण गोवा आणि मंगळूरकडून आलेले कॅथलिक मुंबईत नोकऱ्या मिळवू लागले होते, त्यांचीही आडनावे डिसोझा आणि परेरा अशीच होती, आणि साहेबाला दोहोंतील फरक कळत नव्हता. म्हणजे एका वेदीसमोर गुडघे टेकणाऱ्यांनी आपली वेगळी ओळख रेखली ती श्रद्धेच्या नव्हे तर नोकरीच्या दारात. मी त्यांना दोष देत नाही. ज्याची भाकर धोक्यात येते तो आपले नाव घट्ट धरतो. त्याच काळात मुंबईच्या धोबीतलाव, माझगाव भागांत गोवेकरांनी गावागावांचे ‘कूड’ उभारले. एका खोलीत डझनावारी पेट्या, भिंतीवर गावच्या संताची तसबीर, संध्याकाळी सामुदायिक जपमाळ. नवख्या माणसाला शहर गिळून टाकू नये म्हणून केलेली ती सोय होती. आज नावाचा तो वाद निवला आहे आणि ईस्ट इंडियन-गोवेकर विवाहाचे कोणाला नवल वाटत नाही. पण त्याला किती पिढ्या लागल्या हे ध्यानात ठेवले म्हणजे आजच्या नवख्यांविषयी आपण थोडा धीर धरू.

ख्रिस्तसभेला दुसरा धडा मिळाला तो खुद्द कल्याणात. केरळमधून आलेले सिरो-मलबार कॅथलिक येथे आले तेव्हा त्यांनी आपल्याच धर्मग्रामात मिसळून जावे, अशी अपेक्षा होती. ३० एप्रिल १९८८ रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्यांच्यासाठी कल्याण धर्मप्रांताची स्थापना केली; २०२५ साली त्याला महाधर्मप्रांताचा दर्जा मिळाला. तेव्हा आपल्यापैकी काहींना ते रुचले नव्हते, हे मान्य करायला हरकत नाही. परंतु त्यामागील विचार खोल आहे. स्थलांतरित हा केवळ रिकामे हात घेऊन येत नाही, तो आपली प्रार्थनाही घेऊन येतो. त्याचे स्वागत करायचे तर त्या प्रार्थनेलाही जागा द्यावी लागते.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. संत मत्तयच्या शुभवर्तमानातील द्राक्षमळ्याच्या मजुरांचा दृष्टान्त आपण अनेकदा ऐकला आहे. कल्याण किंवा ठाणे स्थानकाबाहेरच्या मजूर नाक्यावर सकाळी आठला जो कोणी उभा राहिला असेल त्याला तो वेगळ्या रीतीने ऐकू येतो. गवंड्याच्या पिशवीत थापी आणि ओळंबा, रंगाऱ्याच्या हातात ब्रश, बिगाऱ्याकडे दोन हातांखेरीज काही नाही. मुकादम येतो, माणसांवरून नजर फिरवतो, तरुण आणि धडधाकट तेवढे निवडतो. दहा-साडेदहानंतर नाका विरळ होतो. अकरा वाजता जे उरतात ते म्हातारे, खोकणारे आणि काल उशिरा गाडीने उतरलेले. दृष्टान्तातला मालक दिवस मावळायला आला असता पुन्हा नाक्यावर जातो आणि विचारतो की तुम्ही दिवसभर रिकामे का उभे आहात. त्याला उत्तर मिळते की आम्हांला कोणी कामावर घेतले नाही. आळसाचा आरोप करण्याआधी कारण विचारणारा असा मालक आपल्या नाक्यांवर क्वचितच दिसतो.

या दृष्टान्तात नेतृत्वाविषयी एक गोष्ट दडलेली आहे, ती सहसा प्रवचनांत येत नाही. मालकाजवळ कारभारी आहे. मजुरी वाटण्याचे काम तो कारभाऱ्याला सांगतो. परंतु नाक्यावर जाण्याचे काम तो कोणावर सोपवत नाही. पहाटे, तिसऱ्या, सहाव्या, नवव्या आणि अकराव्या तासाला, असा पाच वेळा तो स्वतः जातो. पैसे वाटणे दुसऱ्यावर सोपवता येते, माणसाला पाहणे सोपवता येत नाही, असा अर्थ मी त्यातून घेतो. आपल्या धर्मादाय निधीची व्यवस्था चोख असते. नाक्यावर जाणारे आपल्यात किती?

आणि मग कुरकुर येते. पहाटेपासून राबलेले म्हणतात की मालकाने या शेवटच्यांना आमच्या बरोबरीचे केले. त्यांचे शब्द नीट ऐकले तर त्यांची तक्रार आपल्याला कमी मिळाल्याची नाही. ठरलेला दिनार त्यांना मिळालाच आहे. तक्रार बरोबरीची आहे. परप्रांतीयांविषयी आपल्या गाडीच्या डब्यात, सोसायटीच्या बाकावर आणि, खेद वाटतो, चर्चच्या पायऱ्यांवर चालणारे संभाषण मी ऐकतो तेव्हा त्यातला बराचसा भाग या एका वाक्यात बसतो. ऑक्टोबर २००८ मध्ये रेल्वेभरतीच्या परीक्षेसाठी आलेल्या उत्तर भारतीय मुलांना मारहाण झाली आणि त्यानंतर कल्याण-डोंबिवलीत दंगल उसळली. त्या दिवसांतही मला तीच कुरकुर ऐकू आली होती.

परंतु दृष्टान्ताचा दुसरा अर्धा भागही तितकाच महत्त्वाचा आहे, आणि दयाळू माणसे तो विसरतात. मालकाने पहिल्यांचा दिनार कापून शेवटच्यांना दिला नाही. आज अनेक ठिकाणी नेमके उलटे होते. ठेकेदार परराज्यातल्या मजुराला पसंती देतो ती त्याच्यावरील प्रेमापोटी नव्हे. त्याला कमी दिले तरी तो बोलत नाही, त्याची येथे संघटना नाही, त्याचा मतदारयादीत पत्ता नाही, आणि रात्रीच्या पाळीला तो साइटवरच झोपतो. स्थानिक मजुराने पुरते दाम मागितले की त्याला सांगायचे, तुझ्या जागी दहा उभे आहेत. दोघांचा दिनार एकाच हाताने कापला, आणि दोघे एकमेकांकडे रागाने पाहत राहिले. म्हणून भूमिपुत्राला न्याय आणि स्थलांतरिताला आसरा या दोन गोष्टींत निवड करावी लागते, हे मला मान्य नाही. दोघांना समान आणि पुरते वेतन मिळाले तर तो तंटा पुष्कळसा निवळेल. जुन्या करारातील अनुवाद ग्रंथही हेच सांगतो: गरीब मजूर आपल्या बांधवांपैकी असो वा परका, त्याची मजुरी सूर्य मावळण्यापूर्वी द्यावी. त्या आज्ञेत दोघे एकाच ओळीत उभे आहेत.

‘उपरा’ हा शब्द मराठी वाचकांच्या मनावर कोरला गेला तो लक्ष्मण माने यांच्या १९८० सालच्या आत्मकथनाने. तो उपरा मराठीच बोलत होता, याच मातीत जन्मला होता. हे आठवण्याचे कारण असे की, आपल्या दारातला सर्वांत जवळचा स्थलांतरित परराज्यातून आलेलाच नसतो. दिवाळी सरली की मुरबाड, शहापूर, जव्हार, मोखाडा येथून कातकरी कुटुंबे कल्याण आणि भिवंडीच्या आसपासच्या वीटभट्ट्यांवर येतात. पावसाळ्यातच घरी चूल पेटेनाशी झालेली असते, तेव्हा मालकाकडून बयाणा घेतलेला असतो. मग सारा हंगाम तो फेडायचा. आठवड्याला हातात पडते ती खर्ची. हिशेब होतो तो पावसाच्या तोंडावर, आणि पुष्कळदा त्या हिशेबात माणूसच मालकाचे देणे लागतो. वेठबिगारी कायद्याने १९७६ साली बंद झाली. कायद्याने बंद झालेली गोष्ट वहीत नाव बदलून चालू राहते, हे श्रमजीवी संघटनेने या जिल्ह्यात वर्षानुवर्षे लढून दाखवून दिले. भट्टीवरच्या झोपड्यांना भोंगे म्हणतात. तेथील मुलांची शाळा बुडू नये म्हणून विधायक संसदेने भट्टीवरच ‘भोंगाशाळा’ भरवल्या. हे काम ख्रिस्तसभेने सुरू केले नाही. दृष्टान्तातला शोमरोनीही आपल्या मंदिराचा नव्हता.

येथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, फादर, आम्ही नोकरदार माणसे. भट्टी आमची नाही, ठेका आमचा नाही, आम्ही काय करणार? हा प्रश्न प्रामाणिक आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली प्रापंचिकांच्या प्रेषितकार्याविषयी स्वतंत्र आदेशपत्र काढले आणि त्यांचे कार्यक्षेत्र सांगितले ते घर, काम आणि समाज. नेतृत्व म्हटले की आपल्या नजरेसमोर अध्यक्ष, माइक आणि हार येतात. पण आपल्या धर्मग्रामातील माणसे रोज कितीतरी लहान चाव्या हाताळतात. कोणी सोसायटीचा सचिव आहे: पहारेकऱ्याला पिण्याचे पाणी आणि बसायला खुर्ची मिळेल की नाही, धुणीभांडी करणाऱ्या बाईने उद्वाहनातून जावे की जिन्याने, हे तो ठरवतो. कोणी शाळेत मुख्याध्यापिका आहे. २००९च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा सोडल्याचा दाखला नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही. तरी मार्चमध्ये ओडिशाहून आलेले मूल फाटकातूनच परत जाते की वर्गात बसते, हे तिच्या तोंडच्या एका वाक्यावर अवलंबून असते. कोणी बांधकामावर सुपरवायझर आहे. बांधकाम कामगार म्हणून नोंदणी व्हायची तर मागील बारा महिन्यांत नव्वद दिवस काम केल्याचा दाखला लागतो. १९९६च्या कायद्यापासून ही अट चालत आली आहे. त्या दाखल्यावर कोणीतरी सही करावी लागते. सही नसेल तर मुलांची शिष्यवृत्ती नाही, अपघाताची मदत नाही. मे २०२४ मध्ये डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत स्फोट झाला तेव्हा मृतांची ओळख पटवण्यासाठी डीएनए चाचणीचा आधार घ्यावा लागला. हजेरीपटावर नाव आणि गावचा पत्ता अचूक लिहिणे किती मोठे काम आहे, हे त्या दिवसांत त्यांच्या नातलगांना समजले असेल.

यांपैकी एकाही कामासाठी पावती फाडावी लागत नाही. किंबहुना म्हणूनच ती अवघड आहेत. नाताळात ब्लँकेटे वाटताना देणारा वर असतो आणि घेणारा खाली. दाखल्यावर सही करताना आपण त्याला त्याचेच देतो, त्यात आपला मोठेपणा उरत नाही. मार्च २०२०मध्ये टाळेबंदी लागली आणि ठाण्याहून कसाऱ्याच्या घाटाकडे माणसांच्या रांगा चालू लागल्या, तेव्हा अनेक धर्मग्रामांनी अन्नाची पाकिटे वाटली. ते चांगलेच झाले. पण जी माणसे चालली होती त्यांच्यापैकी पुष्कळांची महिन्याची मजुरी थकली होती, खोलीचे भाडे अंगावर होते. ८ मे रोजी औरंगाबादजवळ करमाडला रुळांवर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली सापडले. त्यांच्या शेजारी पडलेल्या भाकऱ्यांची छायाचित्रे सर्वांनी पाहिली. त्यांना भाकरीची वाण नव्हती. त्यांना घरी पोहोचवणारी गाडी नव्हती.

अनुवाद ग्रंथात आणखी एक सुंदर विधी आहे. पहिल्या पिकाची टोपली वेदीपुढे आणणाऱ्या शेतकऱ्याने त्याच वेळी मोठ्याने सांगायचे असते की माझा पूर्वज भटका होता आणि परदेशात उपरा म्हणून राहिला. सुगीच्या, मालकीच्या, अभिमानाच्या क्षणीच हे उच्चारायचे. घोडबंदर रस्त्यावर किंवा खडकपाड्यात नव्या घराच्या आशीर्वादाला मी जातो, तेव्हा आजोबांना विचारतो की आपण या शहरात प्रथम कोठे राहिलात. बहुतेक वेळा उत्तर येते: चाळीत, मामाच्या खोलीत, आठजणांत. नातवंडे प्रथमच ऐकत असतात.

शेवटी एक प्रसंग सांगतो. या परिसरातील एका धर्मग्रामात झारखंड आणि ओडिशातून आलेल्या आदिवासी कॅथलिक मुलींनी महिन्यातून एकदा हिंदीतून मिस्सा मागितली. त्या बहुतेक घरकाम करणाऱ्या. पालकीय मंडळात चर्चा पेटली. विरोध करणारी माणसे वाईट नव्हती. त्यांच्यापैकी मराठी भाषकांनी स्वतः मराठी मिस्सेसाठी कित्येक वर्षे अर्ज केले होते. इंग्रजी आणि कोकणीच्या मधे मोठ्या मिनतवारीने मिळालेली ती वेळ हिंदीने हिरावली जाईल, अशी त्यांना भीती होती. ‘आम्हांला आमच्याच गावात उभे राहायला वेळ लागला,’ असे एक निवृत्त शिक्षक म्हणाले, आणि त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. अखेर मराठी मिस्सेला धक्का न लावता दुसऱ्या रविवारी दुपारी तीनची वेळ ठरली. फलक लागला. पेटीवादकही मिळाला.

पहिल्या रविवारी नऊजणी आल्या, पुढच्या महिन्यात सात. उत्साह ओसरला असे मंडळात कोणी म्हणाले. तेव्हा एका सिस्टरांनी त्या मुलींकडे जाऊन चौकशी केली. कारण साधे होते. रविवारी दुपारी घरोघरी पाहुणे असतात, जेवणे दोन-अडीचला उरकतात, भांडी चारपर्यंत चालतात. त्यांना सुट्टी नव्हती. ज्या घरांत त्या राहत होत्या त्यांपैकी काही घरे त्याच धर्मग्रामातील होती, आणि हिंदी मिस्सेच्या बाजूने हात वर करणाऱ्यांपैकी दोन.

सिस्टरांनी ही यादी नावे न घेता पुढच्या बैठकीत वाचली. बराच वेळ कोणी बोलले नाही. नंतर त्या निवृत्त शिक्षकांनीच विचारले की मग दुसऱ्या रविवारी आपण सर्वांनीच दुपारचे जेवण बाराला का घेऊ नये. आजवर चार कुटुंबांनी आपल्या घरातील मुलीला रविवारी दुपारी एकनंतर पगारी सुट्टी दिल्याचे कळवले आहे. उरलेल्यांचे उत्तर यायचे आहे.